शेवट ठाऊक असूनही

भित्तिपत्रकावर तो हसतोय, कड्याच्या माथ्यावर बसून,
बूट काढलेले, पाठीमागे ऊन.
म्हणजे तो पोचला. म्हणजे तो आहे.
दाराशी तिकिटं फाडताना मीच हे बोट ठेवून
एकवीस जणांना दाखवलं,
आणि तरीही दिवे मालवल्यावर
चाळिसाव्या मिनिटाला
एकवीस जण श्वास घ्यायचे थांबले.
बाविसावा मी, यंत्रापाशी.

आमचं सभागृह पूर्वी प्रार्थनाघर होतं.
बाकं तीच, ताठ पाठीची,
प्रवचनात डुलकी लागू नये म्हणून मुद्दाम तशी घडवलेली.
बाहेर वेल्सचा आडवा पाऊस,
आणि पाटीच्या दगडाचा आमचा डोंगर,
अर्धा कापून जगभर छपरांवर गेलेला.

पडद्यावर ऊनच ऊन. दोर नाही, खिळा नाही.
जीव मुठीत धरणं म्हणतात,
पण मूठ मिटायला तिथे जागाच नव्हती;
त्यानं तो चार पेरांवर टेकवला होता,
दाराच्या उंबऱ्यावर आपण किल्ली ठेवतो ना
तेवढ्याशा कंगोऱ्यावर.

मेरेरिद त्याच्याकडे बघतच नव्हती.
ती डोंगरावरून माणसं खाली आणते, रात्री-अपरात्री, पथकाबरोबर.
तिची नजर चित्राच्या तळाशी:
झाडं कुठे संपतात,
स्ट्रेचर कुठल्या बाजूनं नेता येईल.

सतरा वर्षांचा गेथिन हसला. मोठ्यानं.
भीती कधीकधी चुकीच्या दारातून बाहेर पडते.
कुणी त्याला गप्प केलं नाही.

नेस्टा म्हणाली, "स्वार्थी मेला. आई नाही का ह्याला?"
आणि बाकाच्या कडेपर्यंत पुढे सरकली.
तिच्या हातातल्या खोकल्याच्या गोळ्यांची पुडी
त्याचा डावा पाय घसरला तेव्हा फुटली.
गोळ्या उतारावरून घरंगळत गेल्या पहिल्या रांगेपर्यंत,
एकेक,
सावकाश,
आणि ते ऐकणं फार अवघड होतं.

मग तो एका पापुद्र्यापाशी थांबला.
आधी हात घातला नाही. बोटाच्या सांध्यानं ठोकलं.
टक. टक.
कान लावून ऐकलं.
अंधारात आमच्या बाकांतून उत्तर आलं:
टक. टक.

इवोर. ब्याऐंशीचा.
एकोणीस वर्षं खाणीच्या भिंतीवर लोंबकळला,
उजव्या मांडीला साखळीचे दीड वेढे घालून;
तो व्रण अजून दाखवतो, दोन पेले झाल्यावर.
त्याचा भाऊ त्याच भिंतीवर, दहा हात पलीकडे.
त्याच्याही मांडीला साखळी होती.
साखळी तुटली नाही.
दगड वरून आला.

मी यंत्राच्या खिडकीतून पाहिलं:
इवोरचा उजवा पाय आपसूक
बाकाच्या पायाला वेढा घालून बसला होता.

संपल्यावर टाळ्या वाजल्या, जरा उशिरा,
ओल्या तळव्यांच्या, म्हणून मऊ.
दिवे लागले तशी माणसं एकदम बोलकी झाली.
कोण म्हणालं वेडा, कोण म्हणालं देवाची देणगी,
कोण पार्किंगबद्दल बोलत होतं.
मेरेरिदनं फोन पाहिला आणि परत खिशात ठेवला.
गेथिन जाता जाता दाराच्या चौकटीवर
दोन बोटांनी लटकून बघत होता.

इवोर मागे राहिला.
"दगड बरा आहे," म्हणाला.
मी गोळ्या वेचत होतो.
थोड्या वेळानं, "पण त्याला वर पाठवलं कुणी?"
"कुणीच नाही."
"मुकादम?"
"नाही, इवोर."
"रोज किती पडतो?"
मी मान हलवली.

तो बराच वेळ टोपी शोधत राहिला
बाकाखाली, खिडकीत, माझ्या मेजावर.
टोपी त्याच्या हातातच होती, घट्ट पिळलेली.
मी सांगितलं नाही.